एका फेसाटीची जागा

खिंडीतल्या मातीत बिबट्याचं पाऊल उमटलं आणि संजूने मला फोन केला.

"ताई, तू ये. जिजी ऐकत नाय. मी बोलायला गेलो की आमची नुसती भांडणं व्हतात."

संजू माझा चुलतभाऊ. निफाडजवळच्या आमच्या मळ्यात तो द्राक्षं करतो. जिजी म्हणजे त्याची आई, माझी धाकटी काकू. काका गेल्यापासून मळ्यातलं पानही तिला विचारल्याशिवाय हलत नाही, आणि विचारलं तर हमखास हलत नाही. लग्न होऊन मी नाशिकला आले, इथंच माझे केस पिकले, पण तिकडून फोन आला की अजूनही मी मुकाट्याने पिशवी भरते. घरातले म्हणतात, तुला काय पडलंय एवढं? मला काय पडलंय ते मलाच नीट सांगता येत नाही.

मळ्यावर पोचले तेव्हा ऊन कोवळं होतं. बागेत मण्यांची विरळणी चालू होती. वेलींच्या मांडवाखाली बायका मान वर करून उभ्या, हातात छोट्या कात्र्या, आणि त्या कात्र्यांची कुचकुच सगळ्या बागेत भरलेली. हवेत फवारणीचा वास होता. त्या वासाला मी सरावले आहे, पण मळा म्हटलं की माझ्या नाकात येतो तो वास हा नव्हेच. मला आठवतो ओल्या बाभळीचा वास. नुकत्याच तोडलेल्या फांदीच्या सालीचा, तुरट, थोडा गोडसर, जिभेच्या मुळाशी जाऊन बसणारा. तो आता तिथे कुठेच येत नाही, आणि दरवेळी उतरल्या उतरल्या मी वेड्यासारखी तोच शोधते.

संजू मला मळ्याच्या मागच्या अंगाला घेऊन गेला. तिथे पाटाच्या बाजूला जुन्या कुंपणात एक खिंड आहे. माणूस वाकून जाईल एवढीच. खिंडीतली माती बारीक, चाळून टाकल्यासारखी, आणि तिच्यात ते पाऊल. गोल, भरीव, नखांची खूण नसलेलं. त्याच्या पुढे दुसरं. दोन्हींचा रोख घराकडे.

"बघ," संजू म्हणाला. "शेजारचा ऊस तुटला, त्याला लपायला जागा राहिली नाय. हितून आत आला आन आमचं कुत्रं नेलं. आज कुत्रं नेलं. घरात नात हे माझी, दिवसभर अंगणात दुडूदुडू पळती. बिबट्याला काय कळतंय, खिंड कोणासाठी ठेवली हे ते?"

जुनं कुंपण मुळासकट काढून मळ्याभोवती उंच तारेची जाळी लावायची, असं त्याने ठरवलं होतं. जाळीची भेंडोळी अंगणात येऊन पडली होती. जेसीबी दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होता. आणि जिजीने जाहीर केलं होतं की कुंपणाला हात लावला तर ती त्या घरातलं अन्न खाणार नाही. जिजी असलं काही बोलली की ते करते, हे आम्ही दोघंही जाणून होतो.

मी कुंपणाकडे बघत राहिले. नवख्या माणसाला ती माजलेल्या झुडपांची एक रांग वाटली असती. मला त्यात माणसं दिसत होती.

आमच्याकडे कुंपण घालायचे ते दिवाळी उरकल्यावर. गहू-हरभरा वर आलेला असायचा, आणि मोकाट जनावरांना हिरवं दिसलं की ती कुणाच्या बापाला ऐकत नसत. मग बांधावरच्या बाभळी आणि बोरी छाटायच्या. त्या काटेरी फांद्यांना आम्ही फेसाट्या म्हणायचो. त्या गाडीत मावत नसत म्हणून ओढत आणायच्या. वाटेवरच्या धुळीत त्यांच्यामागे रेघाच रेघा उठायच्या, कुणी मोठ्या फणीने रस्ता विंचरावा तशा. त्या रेघा मोडू न देता चालायचा आम्हा पोरांना नाद होता. ओढण्याचा तो आवाज अजून माझ्या कानात आहे. दुपारच्या झोपेत कधीतरी तो ऐकू येतो आणि जाग आल्यावर कळतं, खाली सोसायटीत कुणीतरी खराट्याने झाडतंय.

कुंपण घालण्यात काका पुढे असायचे. त्यांच्या हातात बेळकं, म्हणजे टोकाला दुबेचकं असलेली लांब काठी. फेसाटी हाताने उचलायची नसते, बेळक्यावर घ्यायची. बुंधा आत, शेंडा बाहेर. तिरपी टाकायची, मागच्या फेसाटीच्या अंगावर पुढचीने रेलायचं. मग बेळक्याने दाबायचं, टायरच्या चपलेने तुडवायचं, आणि घायपाताच्या वाखाने, म्हणजे पानांच्या धाग्यांनी, खुंटाला आवळून टाकायचं. वाख पाण्यात भिजत ठेवलेला असायचा, त्याचा आंबूस वास पुढे दोन दिवस हाताला राहायचा. ओळ सरकत जायची आणि काका मधेच मागे वळून एक डोळा बारीक करायचे. "पाखरू सुदीक शिरता कामा नये," असं ते दर खेपेला म्हणायचे. पाखरं तर त्यांच्यादेखत शिरायची. बुलबुलाचं घरटं दर वर्षी असायचं, आणि ते दिसल्यावर काका तेवढी जागा न तुडवता पुढे जायचे.

संध्याकाळी माझी आई आम्हाला ओळीने बसवून सुईने काटे काढायची. खोल गेलेल्या काट्यावर रुईचा चीक लावून तो वर यायची वाट पाहायची. रडायचं नाही, असा नियम होता, आणि तो सगळे मोडायचे.

कुंपण असंच असतं, असं मला जिजी लग्न होऊन येईपर्यंत वाटायचं. मी तेव्हा परकरात होते. जिजी कळवणची. पहिल्याच दिवाळीला माहेरी गेली आणि येताना गोणपाटात शेराच्या कांड्या गुंडाळून घेऊन आली. हिरव्या, गोल, बोटाएवढ्या जाड कांड्या, ज्यांना पान म्हणून नाही. तिच्या माहेरी शेताला शेराचंच कुंपण. आमच्या बाभळीच्या फेसाट्या बघून ती कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "हाई तं मरेल कुंपन शे!" हे तर मेलेलं कुंपण आहे. नवी सून असं बोलते म्हणून माझे वडील आधी चमकले आणि मग इतके हसले की त्यांना ठसका लागला. त्यांनी पाटाच्या बाजूची पूर्ण कड तिला देऊन टाकली. शेर तोडला की त्यातून पांढरा चीक ठिबकतो, डोळ्यात गेला तर डोळा जातो. म्हणून लावणीच्या वेळी ती आम्हाला लांब उभं करायची, स्वतः पदराने नाकडोळे बांधून घ्यायची, आणि त्या पदराआडून आम्हाला शिव्या देत राहायची. पुढच्या पावसाळ्यात तिच्या कांड्या जगल्या.

आणि पेठ-सुरगाण्याकडून हंगामाला जी माणसं कामाला यायची, त्यांची रीत आणखी निराळी. ती कुंपणाला वई म्हणायची. निरगुडीची वाढलेली फांदी ती बुंध्याशी निम्मीच कापायची, निम्मी तशीच ठेवायची, आणि आडवी वाकवून शेजारच्या झुडपात विणून टाकायची. फांदी आडवी पडूनही जगायची. पावसात तिच्या अंगावर सरळ उभे कोंब यायचे. त्या कामाच्या दिवसांत सगळ्या मळ्याला चुरगळलेल्या निरगुडीचा कडवट वास यायचा आणि सर्दी झालेल्या पोरांना मुद्दाम तिकडे पिटाळलं जायचं. असं करत करत आमचं कुंपण सगळ्यांचंच झालं. बाभूळ वाळली की शेर तिला सावरायचा, शेर विरळ झाला की निरगुडी आत घुसायची. कुणाची रीत चांगली, यावर काका आणि जिजी यांचं दर वर्षी भांडण व्हायचं, आणि ते आम्हाला फराळाइतकं आवडायचं.

जिजीने माहेराहून आणखी एक गोष्ट आणली होती. कुंपण पुरं होत आलं, शेवटच्या एका फेसाटीची जागा उरली, की काम थांबवायचं. घरातले सगळे, गडीमाणसंसुद्धा, आतल्या बाजूला येऊन उभे राहायचे. मग घरातल्या बाईने विचारायचं, "समदा मझार शेतस का?" सगळे आत आहेत का? सगळ्यांनी एका सुरात ओरडायचं, "शेतस!" आणि मग तिनेच ती शेवटची फेसाटी आत ओढून घ्यायची. घरचं माणूस बाहेर असताना कुंपण बंद केलं तर ते कुंपण त्या माणसाला परकं समजतं, असं तिच्या माहेरी मानत. खरं म्हणजे हा मान थोरली म्हणून माझ्या आईचा. पण आई म्हणाली, "तूच विचार बाई, मला ती तुझी भाषा जमायची नाही." आम्हाला तर तो खेळच मिळाला. ताटावर बसलो की विचारायचं, समदा मझार शेतस का, आणि तोंडात घास असतानाच ओरडायचं, शेतस!

एका वर्षी माझे वडील बाजारात अडकले. शेवटची फेसाटी तशीच राहिली आणि आम्ही सगळे दिवेलागणीपर्यंत काट्यांशेजारी बसून राहिलो. जिजीने तिथेच चूल मांडून चहा केला. वडील आल्यावर चिडले. "एवढ्या वेळात एखादी शेळी आत शिरली असती म्हणजे?"

"शिरली असती तं हाकलता आली असती," जिजी म्हणाली. वडील हातातली पिशवी ठेवून आत येऊन उभे राहिले.

दत्तू जिजीचा थोरला, संजूचा मोठा भाऊ. काटेरी बोरीत हात घालून एकही ओरखडा न उठवता बोरं काढणारा मी पाहिलेला तो एकटाच. हसायचा तेव्हा आधी डोळे मिटायचा. बाभळीचा डिंक खिशात ठेवायचा, आणि धुताना जिजीच्या हाताला चिकट लागलं की ती हाका मारायची. माझ्या लग्नात सगळे रडत होते तेव्हा हा माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "आक्के, रडू नको, तुझं नाक लाल व्हतं." अठरा-एकोणीस वर्षांचा असेल, तेव्हा एका सरत्या पावसाळ्यात तो घरातून गेला. गेल्या सालचं कुंपण पावसाने कुजून पाटाच्या बाजूला एका जागी खाली बसलं होतं, तिथून. पाटावर गवत कापणाऱ्या बाईने त्याला जाताना पाहिलं. पायात काही नव्हतं, एवढंच तिला आठवत होतं.

तो का गेला, हे मी इथे सांगणार नाही. मला पुरतं ठाऊक नाही, आणि ज्यांना ठाऊक होतं ती माणसं आता नाहीत. कुणीतरी म्हणालं, त्याला एकलहऱ्याच्या वीजकेंद्रावर ठेकेदाराच्या माणसांत पाहिलं. काका तिथे जाऊन पाळी सुटायच्या वेळी गेटसमोर उभे राहायचे. राखेने पांढरे झालेले चेहरे बाहेर पडायचे आणि काका प्रत्येकाच्या तोंडाकडे बघायचे. बरेच दिवस गेले, मग जायचे थांबले.

त्या वर्षी भाऊबीजेला मी माहेरी गेले होते. दिवाळी कसली, नुसते दिवे लावले. पण गहू थांबत नाही. कुंपण घालायलाच हवं होतं. नुसता फेसाट्यांचा आवाज. ओळ सरकत सरकत नेमकी त्या कुजलेल्या जागेपाशी आली आणि शेवटच्या फेसाटीची जागा तेवढीच राहिली. आम्ही सवयीने आत येऊन उभे राहिलो. जिजीने विचारलं. नेहमीसारखंच विचारलं, आवाजही नेहमीचाच. मला आठवतं ते असं की कुणीच काही बोललं नाही. माझ्या आईने पदर तोंडात धरला होता. जिजीने हातातली फेसाटी खाली ठेवली, हळू ठेवली, आणि ती घरात निघून गेली.

ती जागा नंतर कधीच भरली नाही.

पुढची सगळी वर्षं कुंपण होत राहिलं आणि दर वर्षी एका फेसाटीची जागा उघडी राहिली. तिला खिंड म्हणायला लागलो. तिथून कुणी बाहेर जायचं नाही, असा जिजीचा दंडक. ती यायची वाट आहे, जायची नाही. घरात आलेल्या सुनांना हळदीच्या अंगाने हे सांगितलं जायचं. स्वतः जिजीनेही तिथून पाऊल बाहेर टाकलं नाही. संध्याकाळी ती खिंडीतली माती केरसुणीने सारखी करायची आणि सकाळी चहाआधी जाऊन पाहायची. मुंगूस येऊन गेलेलं असायचं, लांडोर पिलं घेऊन आलेली असायची, कधी साळिंदर. "आज मोरीनबाई आल्या व्हत्या," असं ती सांगायची, पाहुणे सांगावेत तसं. माणसाचं पाऊल कधी नसायचं.

मला त्या खिंडीची भीती वाटायची. पोरं लहान असताना मी सुट्टीला जायचे, तेव्हा दुपारी सगळे झोपले की वाऱ्याने शेराच्या वाळल्या कांड्या एकमेकींवर वाजायच्या. संजूचं कुत्रं एकदम उठायचं, खिंडीसमोर जाऊन बसायचं आणि शेपूट हलवायचं. तिथे कोणीही नसायचं. मी स्वतः उठून पाहिलं आहे, वाट रिकामी. जिजी डोळे न उघडता म्हणायची, "वळखीचं कोनी असल." अंगावर काटा यायचा, आणि काटा आला म्हणून वाईटही वाटायचं, कारण दत्तूची भीती वाटावी असा तो कधीच नव्हता.

मग जनावरं कमी झाली, गव्हाच्या जागी द्राक्षं आली, काका गेले. फेसाट्या घालणं थांबलं. बेळकं कुठे गेलं कुणाला माहीत नाही. शेर आणि निरगुडी तेवढी आपल्या मनाने वाढत राहिली, घरापेक्षा उंच झाली, वर गुळवेल चढली. खिंड मात्र जिजी आतल्या बाजूने कोयत्याने साफ ठेवायची.

त्या दिवशी ओट्यावर आम्ही तिघं बसलो. जिजीने माझ्यासाठी बाजरीची भाकरी केली होती आणि स्वतः उपाशी बसली होती. "नासिकच्या बाईला पंच म्हनून आनलं का?" ती संजूला म्हणाली. "हिला कुंपनातलं काय कळतं? ही काटा भरला की गावभर सांगायची."

"जिजी, तिथं गेट करून देतो," संजू म्हणाला. "चांगलं लोखंडी. तुला पायजे तिथंच."

"त्याला कुलूप राहील का नाय?"

"राहील ना. बिबट्या हे, जिजी."

"मंग ते कुंपनच झालं."

संजू उठला. मला वाटलं बागेत निघून जाईल. पण तो ओट्याच्या कडेला थांबला आणि मागे न वळता बोलायला लागला. संजू मोठ्याने बोलत नाही. त्या वेळीही बोलला नाही.

"त्या साली तू विचारलं ना, समदे आत हे का? ताई म्हणती कोणी काय बोललं नाय. सगळे तसंच म्हणतात. मी बोललो व्हतो. मी म्हणलो, मी शे. नववीत व्हतो मी. तुझ्या बाजूलाच उभा व्हतो. आजपतूर मी आतच हे, जिजी. एक दिवस कुठं गेलो नाय. माझ्यासाठी कवा एक फेसाटी ओढली का तू?"

जिजीने पदराच्या टोकाने ओट्यावरचे भाकरीचे कण गोळा केले. मला त्याचा आवाज खरंच आठवत नव्हता. मी पुन्हा पुन्हा ती दुपार आठवून पाहिली, सगळे चेहरे आठवले, आणि जिजीच्या बाजूला कोण उभं होतं ते काही दिसेना.

सकाळी जेसीबी आला. चालक अंगणात चहा घेत होता तेवढ्यात संजूची सून धावत आली, म्हणाली, आजीबाई कोयता घेऊन मागं गेल्या. आम्ही पळालो. जिजी खिंडीपाशी उभी होती. बोरीची एक फांदी तिने तोडली होती, चांगली हातभर पसरलेली, आणि ती ओढत होती.

"तुमच्या मशीननं नको," ती म्हणाली. "मी उघडी ठेवली, मी बंद करती. मंग काढा काय काढायचं ते."

"दे इकडं, मी लावतो," संजू म्हणाला.

"तू आतच ऱ्हाय. आतून लावायची तं समदे आत लागतात. एक भायेर हे. म्हंजी भायेरूनच लावली पायजे." आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदा ती त्या खिंडीतून वाकून बाहेर पडली. पंच्याहत्तरीच्या बाईला एकटीला कसं सोडायचं, म्हणून तिच्यामागे मीही शिरले. माझे केस शेरात अडकले, ते सोडवत मी बाहेर आले.

बाहेर आता पाटाच्या कडेने डांबरी रस्ता झाला आहे. जिजीने पाठ सरळ केली, फांदी उचलली, आणि वळली. मीही वळले. आणि आमच्यासमोर खिंड नव्हती.

दोन पावलांवर होती, आत्ताच आम्ही तिच्यातून आलो होतो. पण बाहेरच्या अंगाने शेर असा ओघळून खाली आला होता, गुळवेलीचे पडदेच्या पडदे लोंबत होते, आणि सगळे काटे, सगळे शेंडे आमच्याकडे रोखलेले. कुंपण घालतातच तसं, शेंडा बाहेर. आतून तिने इतक्या निगुतीने साफ ठेवलेली जागा बाहेरून इतर जागेसारखीच दिसत होती. जिजी हाताने चाचपायला लागली. एक वेल बाजूला केली, दुसरी केली. मग तिने फांदी खाली टाकली, रस्त्याच्या पलीकडे गेली आणि तिथून पाहिलं. घर दिसत नव्हतं. कौलं दिसत नव्हती. बागेतल्या बायकांची बोलणी ऐकू येत होती, पण ती कुठून येतात ते समजत नव्हतं.

"हितून तं कायच दिसत नही," ती म्हणाली. "तो उना व्हई. उना व्हई एखाद टाइम. त्याले कसं दिसनार?"

आला असेल तो. एखाद्या वेळी आलाही असेल. मी तिचा हात धरला. तो शेराच्या चिकाने चिकट झाला होता. मला काहीतरी बोलायला हवं होतं, पण मला रडू फुटलं आणि मी रस्त्यावर उभी राहून सरळ रडले. ती रडली नाही. ती त्या उंच हिरव्या भिंतीकडे बघत राहिली, तिनेच माहेराहून आणून लावलेल्या.

खिंडीतून ती परत आत गेली नाही. आम्ही कुंपणाला बाहेरून पूर्ण वळसा घालून पुढच्या फाटकाशी आलो. तिथे संजू नातीला कडेवर घेऊन उभा होता.

"तुला ठावं व्हतं? भायेरून दिसत नही ते?" जिजीने विचारलं.

"पाटाकडनं येतो जातो ना मी," संजू म्हणाला. "ठावं व्हतं."

"आन बोलला नही."

"काय बोलू?"

जिजीने त्या पोरीचा पाय हातात धरला आणि त्या पायाकडे बघतच ती बोलली. "त्या दिशी तू बोलला ते ऐकलं व्हतं मी. तुमी दोघं भाऊ संगं ओरडायचे. तवा तुझा एकल्याचा आवाज आला. तो ऐकला म्हनून तं फेसाटी हातातून सुटली. तू नव्हता म्हनून नही रे." संजूने मान फिरवली. नातीने त्याच्या शर्टाची गुंडी तोंडात घातली होती, ती काढायचं निमित्त त्याला सापडलं. मग जिजी म्हणाली, "तुझी जाळी. तिच्यातून आरपार दिसतं का?"

"दिसतं."

"मंग काढ समदं. शेर बी काढ."

जेसीबीच्या चालकाला तिनेच रुमालाने डोळे झाकून घ्यायला लावले, नाही तर चिकाने डोळे जातील म्हणाली. दिवसभर ती मुळं निघत होती. सगळ्या मळ्यावर निरगुडीचा वास पसरला आणि शेवटी शेवटी, कुठल्या तरी खोल थरातून, दडपून राहिलेल्या जुन्या बाभळीच्या खोडांचा कुजकट वास आला. मी त्या मातीजवळ बराच वेळ बसले. कुंपण निघालेलं मला आवडलं नाही. कुणी मला विचारलं असतं तर मी नको म्हटलं असतं, पण मला विचारायचं कारण नव्हतं. पाखरं संध्याकाळी परत आली आणि जिथे झाडं होती तिथे हवेत घिरट्या घालत राहिली.

द्राक्षं उतरल्यावर मी पुन्हा जाऊन आले. जाळी उभी राहिली होती. बिबट्या पलीकडच्या शिवारात फिरतो म्हणाले, इकडे फिरकला नाही. खिंड होती ती जागा मला दाखवता येईना, संजूलाही येईना. जिजीने आपली खुर्ची ओट्याच्या टोकाला, पाटाच्या बाजूला मांडून घेतली होती आणि दिवसभर ती तिथेच बसते, असं सूनबाई म्हणाली. जेवायलाही तिथेच.

निघताना मी पाटाच्या रस्त्याने रिक्षा घेतली. जाळीतून सगळं दिसत होतं. घर, कौलं, दोरीवरचे कपडे, ओटा, जिजी. मी हात केला, तिनेही केला. मला बरं वाटलं. मग माझ्यामागून दुधाच्या किटल्या लावलेला एक मोटारसायकलवाला आला, त्यालाही तिने हात केला. शाळेतून परतणाऱ्या पोरी गेल्या, त्यांनाही केला. तिची नजर आता अधू झाली आहे. रस्त्यावर माणूस आहे, एवढंच तिला कळतं. मी रिक्षा थांबवायला सांगितली. संजू हात पुसत बागेतून ओट्याकडे येत होता. मला वाटलं तो तिला समजावून आत नेईल. तो तिच्या खुर्चीशेजारी येऊन उभा राहिला. रस्त्याने खांद्यावर पिशवी टाकलेला एक अनोळखी, पोक्त माणूस चालत येत होता. जिजीने हात वर केला, आणि तिच्यापाठोपाठ संजूनेही केला.